नळीतली फुंक

१

पुंजाजी फिटरचं काम ठरलेल्या चालीनं चालायचं. आधी लोखंडी नळ्या अंगणात ओळीनं मांडायच्या. एकेक उचलून डोळ्याला लावायची आणि आभाळाकडे बघायचं. पलीकडे उजेडाचा गोल दिसला की नळी साफ. मग आटे पुसायचे, सफेदा लावायचा, त्यावर सुताचे वेढे घालायचे आणि पान्ह्यानं आवळायचं. सगळी लाइन जोडून झाली की या टोकाला तोंड लावून फुंक मारायची. त्या टोकाला कुणीतरी तळहात धरून उभा असायचा. तळहाताला हवा लागली की काम पास.

तीस वर्षांत त्यानं विहिरींवरच्या इंजिनांच्या नळ्या जोडल्या, हातपंप बसवले, कारंज्याच्या जिनिंगमध्ये वाफेच्या नळ्या बदलल्या. आता शहात्तर साली गोबरगॅस निघाला होता. शेणाच्या विहिरीवर लोखंडी टाकी तरंगते, टाकीत गॅस धरतो आणि नळीतून स्वयंपाकघरात जातो. पुंजाजीनं असे अकरा गॅस जोडले होते. हा बारावा. मेडशीपासून कोसभर आतल्या गावात, माणिकराव पाटलाच्या घरी.

या घरी एक गोष्ट नवी होती. घरात गॅस किती जळतो ते गोबरगॅसच्या सरकारी खात्याला बघायचं होतं, म्हणून साहेबानं लाकडी पेटीतून एक मीटर पाठवलं होतं. पत्र्याचं, हिरव्या रंगाचं, पायलीएवढं. वर दोन तोंडं, पुढे काच, काचेमागे एक बारीक काळा काटा. पेटीत एक छापील कागदही होता. पुंजाजी दुसरी शिकलेला. त्यानं कागद घडी करून पेटीखाली सारला.

माणिकरावाची बायको गंगू दारातून बघत होती. ती म्हणाली, "बाबाजी, मी वाचून दाखवू का? मले येते वाचता."

"कायले?" पुंजाजी म्हणाला. "तीस वर्सं नळ्या जोडून राह्यलो. लोखंड कागद वाचून नाई जुळत."

गंगू आत वळली. ओसरीवर माणिकरावाची म्हातारी आई नानीबाई पाय पसरून बसली होती. ती कुणालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "शेनाच्या वाफेवर भाकर करतीन. आन् माह्या चुलीपावतर कोनीबी येईन आता."

पुंजाजीनं ऐकलं. त्याचा बाप अशा घरांच्या फाटकाबाहेर उभा राहून हाक मारायचा. छप्पन साली धर्म बदलला तेव्हापासून पुंजाजी कुणाच्या दारात वाकला नव्हता. आज तो हत्यारांची पिशवी घेऊन सरळ स्वयंपाकघरात गेला आणि भिंतीतल्या कोनाड्यात मीटर बसवलं. मीटरवर एक बाण कोरला होता. बाण शेगडीकडे. तेवढं त्याला कळत होतं.

त्याला सडकेवरून पाचची एसटी गाडी पकडायची होती. कारंज्याला त्याची एकुलती एक मुलगी हेमला बाळंतपणाला आली होती. दिवस भरले होते. बायको जाऊन सात वर्षं झालेली. शेजारच्या चतुराबाईला हेमलापाशी बसवून तो निघाला होता. "सांजेले येतो," असं सांगून.

२

तीन वाजता लाइन पुरी झाली. माणिकराव टाकीपाशी नळीच्या टोकाला तळहात धरून उभा राहिला. पुंजाजी स्वयंपाकघरात खाली बसला, शेगडीच्या बाजूच्या नळीला तोंड लावलं, छाती भरली आणि फुंकला.

"आली का?"

"नाई जी!"

नळ्या तर त्यानं स्वतः आभाळाकडे धरून बघितल्या होत्या. त्यानं पुन्हा फुंक मारली. या वेळी लांब, पोटातून. हवा जात होती. अडत नव्हती. गालांना जोर लागत नव्हता.

"आता?"

"काई नाई! फुकता का नाई फुकत?"

पुंजाजीला राग आला. बासष्टाव्या वर्षीही त्याची फुंक हातपंपाच्या साठ हात नळीतून आरपार जायची. ही तर चाळीस हातही नव्हती. त्यानं डोळे मिटले आणि तिसरी फुंक मारली. छाती रिकामी होईपर्यंत. बरगड्या आत गेल्या. डोळ्यांपुढे ठिपके आले.

तेव्हा त्याच्या ओठांना ओढ लागली.

जोराची नव्हती. वासराच्या तोंडात बोट दिलं तर ते जसं चोखतं, तशी. ऊबदार आणि सवयीची. एक क्षण त्याला ओठ सोडवता आले नाहीत. मग सुटले. तो मागे हात टेकून बसला. तोंडात लोखंडाची चव होती आणि त्याखाली ओल्या चामड्याची.

"आली!" बाहेरून माणिकराव ओरडला. "आली आली, मस्त आली! बस करा, पुंजाजीबुवा!"

पुंजाजी तेव्हा फुंकत नव्हता.

त्यानं वर कोनाड्याकडे बघितलं. काटा जरासा पुढे सरकला आणि मागे आला. पुढे सरकला, मागे आला.

वारा असेल, त्यानं ठरवलं. तिकडून उघड्या टोकात वारा शिरत असेल. त्यानं तोंड पुसलं आणि शेवटचे आटे आवळायला घेतले.

३

चार वाजता टाकीची चावी उघडली आणि गंगूनं शेगडीला काडी लावली. निळी ज्योत भप्प करून उठली. गंगू हसत मागे सरली. माणिकरावानं टाळी वाजवली.

"आई, हे पाह्य! धूर नाई, राख नाई!"

"तूच पी शेनाचा चहा," नानीबाई ओसरीवरून म्हणाली. "मले गोठ्यात बांधा आन् कडबा टाका, म्हंजे झालं."

सगळे हसले. पुंजाजीनंही हसायला तोंड उघडलं आणि त्याला कळलं की आपल्या आत हवा नाही.

दुखत नव्हतं. खोकला नव्हता. फक्त श्वास बाहेर जात होता आणि आत येत नव्हता. उतारावर ठेवलेल्या घागरीसारखा तो रिकामा होत होता. त्यानं भिंतीला हात लावला. शेगडीवर पाणी खदखदू लागलं. मीटरचा काटा एका दिशेनं सरळ फिरत होता. गंगूनं चहा उतरवला, चावी फिरवली, ज्योत विझली आणि पुंजाजीच्या छातीत हवा शिरली.

"बाबाजी, घाम आला तुमाले," गंगू म्हणाली.

"दिसभर बसून काम. आंग धरलं."

चहा वेगळ्या ठेवलेल्या पितळी कपात आला. नानीबाईचं लक्ष त्या कपाकडे होतं. पुंजाजी दोन घोटात प्यायला, कप स्वतः विसळून पालथा ठेवला, पिशवी खांद्याला लावली आणि निघाला.

घरापासून हिवराच्या झाडापर्यंत दोनशे पावलं असतील. दीडशे पावलांवर त्याची चाल मंदावली. हिवराखाली तो थांबला. कुणीतरी छातीला दोरी बांधून ती घराकडच्या खुंट्याला अडकवली असावी, तसं वाटत होतं. एक पाऊल पुढे टाकलं की दोरी ताणायची आणि श्वास गळ्यात अडकायचा. एक पाऊल मागे घेतलं की सैल.

म्हातारपण, तो मनात म्हणाला. बिड्या. शेणाचा वास दिवसभर नाकात गेला त्यानं.

त्यानं दात आवळून वीस पावलं टाकली. एकविसावं टाकायला जमीन सापडली नाही. शुद्ध आली तेव्हा तो हिवराच्या अलीकडे होता, कपाळाला माती लागलेली. दोन गडी त्याला काखेत धरून परत आणत होते. आणि दर पावलाला त्याला बरं वाटत होतं.

लांबून पाचच्या गाडीचा भोंगा ऐकू आला.

४

दुसऱ्या दिवशी माणिकरावानं बैलगाडी जुंपली. पुंजाजी गाडीत आडवा झाला. हिवराच्या पुढे शंभर हातांवर गाडीवाल्यानं मागे बघितलं आणि बैल वळवले. तो नंतर गावभर सांगत होता, "डोये पांढरे केले थ्या मिस्त्रीनं. व्होट निळे. मी म्हटलं, मेला."

मेडशीहून डॉक्टर आला. त्यानं नळी लावून छाती तपासली. छाती एकदम साफ आहे, म्हणाला, या वयात अशी बघायला मिळत नाही. एक सुई दिली आणि गेला. साफ छातीची गोष्ट ऐकून पुंजाजीला बरं वाटायला हवं होतं.

त्या दुपारी घरात कुणी नव्हतं. माणसं कापूस वेचायला गेली होती, नानीबाई ओसरीवर डुलक्या घेत होती. पुंजाजी स्वयंपाकघरात गेला. टाकीची चावी त्यानं आधीच बंद केली होती. शेगडीची बंद होती. दोन्हीकडून बंद असलेल्या नळीत काही हलायला नको.

काटा हलत होता. पुढे, मागे. पुढे, मागे.

पुंजाजी समोर बसला. बराच वेळ बघत राहिला. मग त्यानं सहज, उगीच, श्वास धरला.

काटा थांबला.

त्यानं श्वास सोडला. काटा पुढे सरकला. घेतला. मागे आला. त्यानं भराभर दोन श्वास घेतले. काट्यानं भराभर दोन हेलकावे घेतले.

तो उठला, बाहेर गेला, बंबातलं पाणी तोंडावर मारलं. मग परत आला. फिटर माणसाला एक गोष्ट माहीत असते. नळीबद्दल शंका आली तर साबण लावायचा. त्यानं वाटीत साबणाचा फेस केला, पान्हा घेतला आणि मीटरच्या तोंडाशी असलेला सांधा अर्धा आटा ढिला केला. आत जे काही अडकलं असेल ते निघून जाईल, मग पुन्हा आवळू.

सांध्यातून बारीक शीळ आली. त्याच क्षणी त्याच्या बरगड्या आत बसल्या. त्यानं सांध्यावर फेस लावला. फेसात एक बुडबुडा धरला. तो मोठा झाला, लिंबाएवढा. फुटला नाही. हळूच लहान होऊन सांध्याशी चिकटला. पुन्हा मोठा झाला. त्याच्या पोटासारखा. झोपलेल्या माणसाचं पोट जसं वर येतं आणि खाली जातं.

बुडबुड्यावर खिडकीचा उजेड पडला होता. पुंजाजीला त्यात आपला चेहरा दिसला. बाहेरून पडलेलं प्रतिबिंब नव्हे. चेहरा पलीकडून इकडे बघत होता आणि गाल फुगवून, डोळे मिटून, जिवाच्या आकांतानं फुंकत होता.

त्यानं पान्हा मारला. सांधा इतका आवळला की आटे करकरले. मग तो भिंतीला टेकून बसला आणि लहान मुलासारखा हुंदक्यांनी श्वास घेऊ लागला. वर काटा तसेच हुंदके देत होता.

५

तिसऱ्या दिवशी सांगावा आला. हेमलाला मुलगा झाला, दोघंही खुशाल, चतुराबाईनं निरोप धाडलाय की आजोबांनी लवकर यावं. माणिकरावानं गूळ वाटला. पुंजाजी म्हणाला, "काम बाकी आहे. झालं की जातो."

काय काम, ते कुणालाच कळेना. पण काम त्यानं उभं केलं. माणिकरावाचा बंद पडलेला हातपंप खोलला. गोठ्याचे पत्रे बदलले. कडीकोयंडे, मोटेची चाकं, नानीबाईच्या खाटेचा मोडलेला पाय. जे हिवराच्या अलीकडे होतं ते सगळं त्यानं दुरुस्त केलं. मजुरी घेतली नाही. रात्री ओसरीवर, स्वयंपाकघराच्या भिंतीला पाठ लावून झोपायचा.

सकाळ-संध्याकाळ शेगडी पेटायची तेवढा वेळ तो अंगणात गुडघ्यांत डोकं घालून बसायचा. गंगूनं हे चार दिवसांत हेरलं. ती भाकरी पुन्हा चुलीवर करू लागली. कुणी विचारलं तर म्हणायची, "गॅसवर पापुद्रा नाई येत."

मग एका दुपारी ती छापील कागद घेऊन त्याच्यासमोर आली.

"बाबाजी, तुमी नाई म्हटलं, तरी मी वाचला. अथी लिहिलं हाये, मीटरमध्ये तोंडाने हवा फुंकू नये."

पुंजाजीनं कानस खाली ठेवली. "काहून?"

"काहून ते नाई लिहिलं. नुसतं तेवढंच. खाली रेघ मारेल हाये." तिनं कागदावरून नजर उचलली. "आत काय असते जी त्याच्यात?"

"चामड्याचे दोन भाते असतात म्हने. लोहाराचे असतात तसे. एक भरते, एक रिकामा होते."

"तुमी फुकलं होतं का त्यात?"

पुंजाजीनं तळहातावरचा लोखंडाचा कीस झटकला. आयुष्यात त्यानं आपली चूक कुणापुढे कबूल केली नव्हती. बायकोपुढेही नाही.

"व्हय," तो म्हणाला. "बाणाच्या उलटं. तीन खेप."

गंगूनं कागदाची घडी घातली. तिनं दुसरं काही विचारलं नाही, याचा त्याला फार आधार वाटला.

म्हातारीही बदलली होती. खाटेचा पाय जोडला त्या दिवशी ती म्हणाली, "मिस्त्री, तू मानूस बरा हायेस. पन घरी काहून नाई जात रे? नातू झाला म्हंते. मले नातू झाला असता त लंगडत गेली असती."

"जाईन, आजी."

"कवा जाशीन? थो मोठा झाल्यावर?" ती पुढे वाकली. "भांडन झालं का पोरीसंगं?"

"नाई, नाई."

"मंग बोलाव इकडेच. मी भरवीन तिले डिंकाचे लाडू. हे घर काई खायाले उठते का?"

पुंजाजीनं वर बघितलं. ती खरंच म्हणत होती. चहा आता त्याला घरच्याच कपात मिळायचा, हे त्याच्या तेव्हा लक्षात आलं.

दिवस जात होते आणि पुंजाजी काट्याकडे बघत होता. मधल्या काळात एक बदल झाला. आधी तो श्वास घ्यायचा आणि काटा मागून हलायचा. अठराव्या दिवशी तो कोनाड्यासमोर बसला असताना काटा आधी हलला. तेव्हा त्याच्या छातीत हवा आली. त्यानं श्वास धरून बघितला. काटा चालूच राहिला आणि त्याची छातीही, त्याला न विचारता, वर-खाली होत राहिली.

महिना भरला की साहेब मीटर काढून दुसऱ्या गावात नेणार होता. तसं आधीच ठरलं होतं. पुंजाजी बोटांवर दिवस मोजत नव्हता. मोजायची हिंमत नव्हती.

६

बाविसाव्या दिवशी सकाळच्या गाडीनं हेमला आली. सव्वा महिना भरला नव्हता. चतुराबाईनं नको म्हटलं तरी ती आली होती. कानाला फडकं बांधलेलं, छातीशी पोरगं, हातात गाठोडं, चेहऱ्यावर राग.

"बाबा, मी काय मेली का तुमाले?" अंगणातच तिनं सुरू केलं. "सांजेले येतो म्हंतलं. बावीस सांजा झाल्या. लोकं म्हंतेत, तुह्या बापानं दुसरा घरोबा केला. मी कोनाकोनाले तोंड देऊ?"

"बस आंदी."

"बसत नाई. गाठोडं उचला. तुमाले न्यायाले आली मी."

तिच्या छातीशी धरलेलं पोरगं त्याच्याकडे बघत होतं. डोकं केसांनी भरलेलं, मूठ तोंडात. पुंजाजीनं हात पुढे केले. ते घेताना त्याला कळलं, इतकं हलकं माणूस आपण कितीतरी वर्षांत धरलं नाही. त्यानं हेमलाकडे बघून सांगायला तोंड उघडलं. काय सांगणार होता? की मी नळीला बांधलेला आहे? तिनं डोळ्यांना पदर लावला.

नानीबाई काठी टेकत ओसरीवरून उतरली. "रडू नको वं माय. बाळंतीन बाई तू. गंगू, हिले लाडू दे. आन् त्या लेकराले इकडे आन." तिनं पोरगं पुंजाजीच्या हातातून घेतलं, छातीशी धरलं, त्याच्या टाळूचा वास घेतला. "आमच्याकडे रीत हाये. लेकरू पैल्यांदा घरात आलं का चुलीले दाखवावं लागते. मंग ते या घरचं होते. उपाशी राहत नाई कधी."

हेमला थबकली. पुंजाजीही. पन्नास वर्षांपूर्वी या घराच्या सावलीलाही ज्यांना उभं करत नव्हते, त्यांचं लेकरू पाटलाची म्हातारी आपल्या चुलीला दाखवायला निघाली होती. पुंजाजी वाट सोडून बाजूला सरला. तो नाही म्हणाला नाही. म्हणायला हवं होतं, हे त्याच्या मनातही आलं नाही.

म्हातारी आत गेली. चूल त्या वेळी सारवून ओली होती. तिचा आवाज बाहेर ऐकू आला, "गंगू, हे तुही शेनाची चूल बी चूलच ना? हिलेच दाखवतो, लेकराचं तोंड जवळ नेऊन. पेटवू नको, नुसती चावी फिरव. बाहेर निघाली पाह्यजे बरकत."

पोरगं रडू लागलं. मोठ्यानं, जीव खाऊन. मग एकदम गप्प झालं.

आणि अंगणात उभ्या असलेल्या पुंजाजीच्या छातीत, बावीस दिवसांत पहिल्यांदा, हवा स्वतःहून शिरली. तळापर्यंत. त्याला तुरीच्या फुलांचा वास आला, गोठ्याचा आला, हेमलाच्या ओव्याच्या धुरीचा आला. खांद्यावरून कुणीतरी पोतं उतरवल्यासारखं झालं.

"हेमले," तो म्हणाला. "चाल. जाऊ घरी."

७

गंगूनं वाटेसाठी शिदोरी बांधली. नानीबाईनं पोराच्या मुठीत जपून ठेवलेली जुनी चवली ठेवली. मूठ मिटली नाही, चवली खाली पडली. तिनं ती हेमलाच्या पदराला बांधली. "झोपलं बाई," म्हणाली. "गुनाचं लेकरू हाये."

पुंजाजी पुढे चालला होता. हिवर जवळ आला तशी त्याची पावलं आपोआप जपून पडू लागली. तो हिवराखाली आला. मग पुढे. वीस पावलं, एकवीस, बावीस. दोरी ताणली नाही. तो थांबून हसला. हेमलानं बापाला असं हसताना कधी बघितलं नव्हतं. तीही रडता रडता हसली.

"काय झालं बाबा?"

"काई नाई. गार वारा सुटला."

वारा अजिबात नव्हता. शेतं स्तब्ध उभी होती. लांबून अकराच्या गाडीचा आवाज येत होता आणि सडकेवरची धूळ दिसत होती. ती गाडी धरली तर दुपारपर्यंत कारंजा. स्वतःचं घर, स्वतःची खाट. तो भराभर चालू लागला.

"बाबा, जरा हळू," हेमला मागून म्हणाली. "पोरगं पाहा ना. आंगावर पेत नाई. लई गाढ झोपलं."

पुंजाजी वळला.

पोरगं तिच्या खांद्यावर होतं. डोळे अर्धे उघडे, पांढरे. ओठ जांभळाच्या रंगाचे. छातीवर झबल्याची गाठ होती आणि ती गाठ हलत नव्हती. हेमलाला ते दिसत नव्हतं. ती त्याच्या पाठीवर थापटत उभी होती.

"हेमले, मांगं फिर."

"काहून? गाडी येऊन राह्यली ना!"

"मांगं फिर म्हंतो ना!"

त्यानं पोरगं हिसकावलं आणि धावत सुटला. बासष्ट वर्षांचा माणूस, पण छाती साफ होती, एकदाही धाप लागली नाही. हिवराच्या अलीकडे आल्यावर त्याच्या हातात काहीतरी हललं. मूठ उघडली, मिटली. घराच्या फाटकाशी पोरानं बारीक कण्हणं काढलं. अंगणात ते रडलं.

स्वयंपाकघरात जाऊन त्यानं कोनाड्याकडे बघितलं. काटा हलत होता. आता त्याचे हेलकावे लहान होते आणि भराभर. चिमणीच्या पोटासारखे. पोराच्या रडण्यात खंड पडला की काटाही अडखळायचा.

हेमला दारात येऊन उभी राहिली. मागे गंगू होती, तिच्यामागे काठी टेकत नानीबाई. हेमला चिडलेली, घाबरलेली, धुळीनं माखलेली.

"बाबा, तुमाले झालं तरी काय? गाडी चालली आपली! द्या इकडे त्याले."

पुंजाजीनं पोरगं तिच्याकडे दिलं. गंगूची नजर कोनाड्याकडे गेली, मग पोराकडे. तिनं पदर तोंडाशी नेला.

"खाली बस," पुंजाजी मुलीला म्हणाला.

"कायले?"

"अथीच बस. या भिंतीपाशी. लेकराले पाज."

"किती वेळ?"

सडकेवर गाडी थांबल्याचा, मग पुन्हा निघाल्याचा आवाज आला आणि कमी कमी होत गेला. पुंजाजीनं एक लांब श्वास घेतला. तो आत गेला, मोकळा, गोड, कुठंही न अडता. त्या श्वासाची त्याला इतकी लाज वाटली की त्यानं मुलीकडे पाठ फिरवली.